लग्नटका, पाटदाम व फारखत : विवाहनोंदीचा खर्च कोणीं सोसला

मोडी कागदांचा रुमाल हातीं आला म्हणजे आमच्या संग्राहक मित्रांची दृष्टि प्रथम कोठें जाते हें आम्हांस ठाऊक आहे. तहनामा आहे काय, स्वारीचें वर्तमान आहे काय, एखादी इनामाची सनद शिक्क्यासह निघते काय, हें पाहिलें जातें. गांवच्या जमाखर्चाचे बंद मात्र बाजूस सारले जातात व पुढें वाळवीच्या किंवा रद्दीवाल्याच्या स्वाधीन होतात. सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नासाठीं १७८३ सालीं पुण्यांत जो बंदोबस्त झाला त्याच्या यादी शोधकांनीं हौसेनें छापल्या आणि वाचकांनीं हौसेनें वाचल्या. परंतु त्याच हंगामांत त्याच मुलखांत कुणब्यामाळ्यांच्या व बलुतेदारांच्या घरीं जीं असंख्य लग्नें लागलीं त्यांची याद कोणीं केली? केली ती सरकारनेंच. आणि ती करण्याचें कारण एवढेंच कीं त्या लग्नांवर कर होता.

पेशवेकालीन वसुलाच्या कागदांत मुख्य धाऱ्याखेरीज ज्या किरकोळ बाबती शिवाय जमेंत येतात, त्यांत लग्नटका व पाटदाम हीं दोन नांवें आढळतात. लग्नटका म्हणजे प्रथम विवाहावरील कर. पाटदाम म्हणजे विधवेच्या किंवा सोडचिठ्ठी मिळालेल्या स्त्रीच्या पाटावरील कर. ज्या जातींत पाटाची चाल होती त्यांच्यावरच तो पडे, हें उघड आहे. म्हैसपट्टी, बकरेपट्टी इत्यादि बाबतींच्या शेजारींच हीं नांवें येतात, आणि नव्या वाचकास हें शेजार चमत्कारिक वाटतें. परंतु वसुली कारकुनाच्या दृष्टीनें म्हैस काय आणि लग्न काय, गांवांत नवी भर पडली म्हणजे सरकारचा अंश निघाला. दर सर्वत्र सारखा नव्हता. प्रांताप्रमाणें व जातीप्रमाणें तो बदले, म्हणून एका गांवचा आंकडा दुसऱ्या गांवास लावण्याचा मोह आवरला पाहिजे.

येथें एक प्रश्न सहज उद्भवतो. लग्नासारख्या महत्त्वाच्या संस्काराची नोंद ठेवण्यास कराची गरज कां पडावी? याचें उत्तर आमच्या धर्मशास्त्रांत आहे. याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति व साक्षी हीं तीन प्रमाणें सांगितलीं. विष्णुस्मृतींत लेख्याचे राजसाक्षिक, ससाक्षिक व असाक्षिक असे प्रकार केले आहेत. परंतु लेख्याचा हा सारा विचार मुख्यतः ऋण, आधि, क्रय, दान अशा व्यवहारांसाठीं आहे. विवाहास अग्नि साक्षी, सप्तपदीनें तो पूर्ण होतो, आणि पुढें वाद पडलाच तर मंडपांत जेवून गेलेलें सारें गांव साक्षीस उभें. कौटिल्यानें अक्षपटलाचें वर्णन करितांना देश, ग्राम, जाति व कुल यांचे धर्म, व्यवहार व चरित्र निबंधपुस्तकांत लिहून ठेवावे असें सांगितलें आहे, आणि गोपाकडून घरोघरच्या स्त्रीपुरुषांची गणतीही करविली आहे. १९०९ सालीं शामशास्त्री यांनीं तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केल्यापासून आपल्यांतील पुष्कळांना प्राचीन दप्तरव्यवस्थेचा अभिमान वाटूं लागला, व तो रास्तही आहे. परंतु अमुकानें अमुकीशीं विवाह केला अशी एकेक नोंद तेथेंही अपेक्षिलेली दिसत नाहीं. कुलाचा धर्म लिहावयाचा; कुलांतील लग्नें कुलानेंच लक्षांत ठेवावयाचीं.

तात्पर्य, लग्नाची नोंद आमच्याकडे धर्मानें किंवा न्यायानें उत्पन्न केली नाहीं. ती वसुलानें उत्पन्न केली. कुळकर्ण्यानें गांवांत वर्षांत झालेलीं लग्नें व पाट लिहावे, पाटलानें पैसा गोळा करावा, आणि ताळेबंदाबरोबर तो भरणा वर जावा, असा हा क्रम. या क्रमाची खुबी संशोधकानें नीट समजून घेतली पाहिजे. गांवच्या कागदांत पैसा देणाऱ्याचें नांव येण्याचा संभव असतो, कारण तेथें वसूल कोणाकडून आला व बाकी कोणाकडे राहिली हें कळणें अवश्य. परगण्याच्या हिशेबांत गांवाचें नांव व एकूण रक्कम राहते. हुजुरास पोंचेपर्यंत बाबतीचें नांव व एक आंकडा एवढेंच उरतें. म्हणजे कागद जितका मोठ्या कचेरींतला, तितकीं माणसें कमी. पुणें येथील हुजूर दप्तरांत नाना फडणिसांच्या वेळीं सुमारें २०० कारकून काम करीत. एकबेरीज दप्तरांत सर्व हिशेबांचे गोषवारे जमत. एवढ्या मोठ्या खर्चानें चाललेल्या त्या दप्तरांत लग्नें आंकड्यांच्या रूपानें आहेत, आणि वधूवरांचीं नांवें असलींच तर खेड्यांतील कुळकर्ण्याच्या माळ्यावर आहेत.

या नोंदीचा खर्च तीन प्रकारचा असतो हें येथेंच सांगून टाकतों, कारण पुढील सर्व विवेचन त्यावर अवलंबून आहे. एक लिहिण्याचा, दुसरा सांभाळण्याचा, तिसरा मागेल त्यास शोधून नक्कल देण्याचा. पहिला खर्च कर देणारा वरपक्ष भरीत होता. तिसरा, ज्यास नक्कल पाहिजे तो भरतो. मधला कोणाचाच नव्हे. पेशव्यांचें दप्तर आज आपणांस उपलब्ध आहे तें पेशव्यांनीं जपलें म्हणून नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत त्याची पुष्कळच हेळसांड झाली होती. तें राहिलें याचें कारण कंपनी सरकारला इनामांची चौकशी करावयाची होती. १८५२ च्या ११ व्या कायद्यानें इनाम कमिशनास जें अधिकाराचें पाठबळ मिळालें, त्या कमिशनाला जुने हिशेब पुराव्यासाठीं लागत. जमिनीच्या कागदांच्या रुमालांत लग्नटक्याचे बंद पाहुण्यासारखे बसले होते, तेही वांचले. पुढें रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तराचे ४५ निवडक खंड संपादिले. त्यांत सामाजिक व धार्मिक बाबींस एक खंड मिळाला. निवड करणाराचा हा दोष नव्हे. एवढ्या सागरांतून ४५ घागरी काढावयाच्या म्हटल्यावर राजकारणाचें पाणी आधीं भरलें जाणार.

आतां विवाहविच्छेदाच्या कागदांकडे वळूं. येथें शब्दांपासूनच सावध राहिलें पाहिजे. आज ज्यास सर्रास घटस्फोट म्हणतात, त्या शब्दाचा जुन्या ग्रंथांत विवाहाशीं संबंध नाहीं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत पतित झालेल्या मनुष्याचा त्याच्या सपिंडांनीं त्याग कसा करावा हें सांगितलें आहे. त्यांत दासीनें पाण्यानें भरलेला घट, जणूं तो मनुष्य मेलाच आहे अशा रीतीनें, पायानें उलथावयाचा असतो. जातिबहिष्काराचा तो विधि. म्हणून अठराव्या शतकांतील कागदांत घटस्फोट हा शब्द दिसला तर नवराबायकोचें भांडण समजूं नये. कोणास तरी वाळींत टाकल्याचें तें प्रकरण असण्याचा संभव अधिक. लोकांचे खरे शब्द काडीमोड, सोडचिठ्ठी व फारखत हे. फारखत हा शब्द अरबी फारिग, म्हणजे मोकळा, यापासून आला आहे, आणि कर्ज फिटल्यावर सावकार जो मोकळीकीचा लेख देई त्यासही फारखतच म्हणत. रुमालावर कोणी नुसती ‘फारखत’ अशी चिठ्ठी लावली असेल तर आंतील मजकूर वाचल्याखेरीज तो कर्जाच्या वर्गांत घालूं नये. ऋण सुटणें व बायको सुटणें या दोहोंस एकच शब्द वापरणाऱ्या समाजाविषयीं कोणास काय बोलावयाचें तें बोलो. आमच्या मतें यांत व्यवहाराची स्पष्टता आहे. सोडचिठ्ठी घेतलेल्या स्त्रीस पाट लावणारा नवा नवरा पहिल्याचा लग्नखर्च पुष्कळदां फेडून देई, आणि तो फिटल्याचा लेख खरोखरच दोन्ही अर्थांनीं फारखत असे.

अशा प्रसंगीं पंचांपुढें लेख होई, पाटील व जातीचे शेटेमेहतर साक्ष घालीत, आणि पुढें पाट लागला म्हणजे पाटदाम सरकारांत जमा होई. फारखतीचा कागद स्त्रीच्या माहेरीं, आणि पाटदामाचा पैसा कुळकर्ण्याच्या वहींत. एकच घटना दोन ठिकाणीं उमटली असल्यामुळें एकाची शाबिती दुसऱ्यानें होण्याची सोय होती.

हा कर न्यायाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पाटदाम तर विशेषेंकरून टोंचणारा, कारण नवरा मेलेल्या गरीब बाईस पुन्हां संसार मांडतांना सरकारनें हात पसरावा हें कोणत्याही नीतींत बसत नाहीं. शिवाय ज्या नोंदीपायीं पैसा पडतो ती चुकविण्याकडे लोकांचा कल होणारच. लग्नटक्याच्या आंकड्यावरून गांवांतील सर्व लग्नें मोजूं पाहणाऱ्या अभ्यासकानें हें विसरूं नये. हें आपल्याच देशांत झालें असेंही नाहीं. इंग्लंडांत १६९५ सालीं फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठीं जन्म, विवाह व दफन यांवर कर बसविला, आणि पंचवीस वर्षांवरील अविवाहित पुरुष व निपुत्रिक विधुर यांच्याकडून वार्षिक पट्टी घेतली. त्यासाठीं घरोघरच्या माणसांच्या याद्या कराव्या लागल्या. १७०६ सालीं कर गेला, परंतु लंडन शहराच्या त्या याद्यांपैकीं पुष्कळ राहिल्या, आणि त्या शहराच्या तत्कालीन वस्तीचा अभ्यास आज त्यांवरून होतो. पुढें १७८३ सालीं, म्हणजे सवाई माधवरावांचें लग्न झालें त्याच वर्षीं, तेथील पार्लमेंटानें चर्चच्या वहींतील प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स स्टँप बसविला. निर्धनांस माफी होती. सबब वह्यांतून निर्धन फार वाढले. १७९४ सालीं तो कर काढून टाकावा लागला. आमचा लग्नटका लग्नावर होता व त्यांचा हा स्टँप नोंदीवर, एवढा भेद ध्यानांत ठेवावा. लग्नावरील करानें नोंद जन्मास येते. नोंदीवरील करानें ती मरते.

इंग्रजी अंमल आला आणि या बाबती हळूहळू वसुलाच्या कागदांतून नाहींशा झाल्या. १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील मोहतर्फा, बलुतेपट्टी व धंद्यांवरील नाना प्रकारच्या पट्ट्या उठल्या. रयतेला सुख झालें यांत शंका नाहीं. परंतु कर गेला त्याबरोबर कुळकर्ण्यास लग्न लिहिण्याचें कारणही गेलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. एल्फिन्स्टनच्या वेळीं आर्थर स्टील यानें दक्षिणेंतील जातीजातींचे रिवाज विचारून संग्रह केला, तो १८२७ सालीं छापला. त्यांत पाट, सोडचिठ्ठी, पंचांचा अधिकार यांची माहिती भरपूर आहे. पण ती रिवाजांची, माणसांची नव्हे. कौटिल्याच्या निबंधपुस्तकासारखाच हा प्रकार झाला.

या पोकळीची किंमत कोणीं दिली हें पाहावयाचें असेल तर फौजदारी निकाल वाचावे. १८६० च्या पीनल कोडाच्या ४९४ व्या कलमानें पहिलें लग्न कायम असतां दुसरें करणारास सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेविली होती. हिंदु पुरुषास त्या काळीं दुसरें लग्न करण्याची मोकळीक असल्यामुळें हें कलम हिंदूंत फिरून फिरून स्त्रीवरच येई. त्यांत १८७६ सालीं मुंबई हायकोर्टानें असें ठरविलें कीं लग्न रद्द ठरविण्याचा किंवा नवऱ्याच्या संमतीवांचून स्त्रीस पुनर्विवाहाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार कोर्टें मानणार नाहींत. येथून पुढें पंचांचा शब्द पुरेना. नवऱ्याची फारखत पाहिजे. ती तोंडी दिली असेल, किंवा लिहिलेला कागद घर जळतांना गेला असेल, तर पाट लावून सुखानें नांदणारी बाई आरोपी होई. पेशव्यांचें सरकार पैसा घेई आणि त्या पैशाची खूण वहींत राही. नव्या सरकारनें पैसा घेतला नाहीं, वही ठेविली नाहीं, आणि पुरावा मात्र मागितला. फुकट झालेली ही व्यवस्था बाईस महाग पडली. सार्वजनिक दप्तराचा जो खर्च वांचला तो कज्जांत वकिलांच्या हातीं गेला.

सरकारी वही बंद झाल्यावर खेड्यांत लग्नाची नोंद कोठें राहिली असेल तर ती वतनदार जोश्यांच्या घरीं. ग्रामजोश्याचा लग्नाच्या दक्षिणेवरील हक्क हें त्याचें वतन होतें, आणि यजमानानें दुसऱ्या भटाकडून लग्न लावून घेतलें तरी ती दक्षिणा मागण्याचा वतनदाराचा हक्क मुंबई हायकोर्टानें एकोणिसाव्या शतकांत मान्य केला होता. हक्क शाबीत करावयाचा म्हणजे कोणाच्या घरीं केव्हां लग्न झालें हें टिपून ठेवणें आलें. ब्राह्मणेतर समाजास हा हक्क जाचक वाटला, व तो जाचक होताच. सीताराम केशव बोले यांच्या प्रयत्नानें १९२६ सालीं मुंबईच्या कायदेमंडळानें तो कायद्यानें रद्द केला. येथेंही लग्नटक्याचाच इतिहास पुन्हां घडला; अन्याय गेला आणि त्याच्या मागोमाग टिपण ठेवण्याचें कारणही गेलें. जोश्यांचे वंशज शहरांत गेले. पंचांगांच्या गठ्ठ्यांबरोबर त्या वह्या कोठें गेल्या असतील याचा अंदाज आमच्या वाचकांस करतां येईल. त्यांच्यापेक्षां नाशिक-त्र्यंबकेश्वराच्या तीर्थोपाध्यायांचीं बाडें अधिक सुखी. यजमानांच्या पिढ्या तेथें येत राहिल्या, दक्षिणा येत राहिली, म्हणून तीं टिकलीं.

या सर्व काळांत एका समाजानें मात्र हा प्रश्न आपल्यापुरता सोडविला होता. १८६५ च्या पारशी विवाह व घटस्फोटाच्या कायद्यानें असें ठरविलें कीं लग्न लागतांच दस्तुरानें दाखला करावा, त्यावर वधूवरांच्या व साक्षीदारांच्या सह्या घ्याव्या, आणि वरानें द्यावयाच्या दोन रुपये फीसह तो रजिस्ट्राराकडे पाठवावा. १९३६ च्या कायद्यांतही हे दोन रुपये राहिले; आणि त्यांत भर अशी पडली कीं कोर्टानें विवाह तोडल्याचा हुकूमनामा केला म्हणजे त्याची नक्कल त्याच रजिस्ट्राराकडे पाठवावी व त्यानें ती नोंदवहींत चढवावी. म्हणजे लग्न व त्याचा विच्छेद एकाच कचेरींत. पूर्वीं फारखत माहेरीं व पाटदाम कुळकर्ण्याकडे अशी जी जोडी होती ती येथें एका छताखालीं आली. बंगालमध्यें १८७६ सालीं मुसलमानांचे निकाह व तलाक यांच्या ऐच्छिक नोंदणीचा कायदा झाला, त्यांतही दोहोंची नोंद एकाच रजिस्ट्राराकडे व खर्च फीमधून अशीच योजना होती.

हिंदूंची पाळी फार उशिरां आली. मुंबई राज्यानें १९५३ सालीं विवाहनोंदणीचा कायदा केला. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या आठव्या कलमांत राज्यांस नोंदणीचे नियम करण्याची मुभा आहे, नोंदवही पुराव्यांत ग्राह्य आहे, आणि फी देऊन उतारा मिळतो; पण नोंद केली नाहीं म्हणून लग्नास बाध येत नाहीं. महाराष्ट्रांत १९९८ चा नवा कायदा झाला, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे आदेश दिले. विच्छेदाचें काम कोर्टाकडे गेलें. तथापि १९५५ च्याच कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीप्रमाणें होणारी काडीमोड कायम ठेविली असल्यामुळें ती अद्यापि घरच्या पेटींतील लेखावरच चालते.

या नव्या कायद्यांतूनही लिहिण्याची फी आहे व उताऱ्याची फी आहे. मधला खर्च, म्हणजे कोरडी खोली, बांधणी, सूची व ती करणारा माणूस, हा फीमध्यें नाहीं. तो सार्वजनिक पैशांतूनच यावयाचा, आणि रस्ते, पाणी, शाळा यांच्या मागणीपुढें जुन्या वह्यांसाठीं बोलणारा कोणी नसतो. आम्हांस असें वाटतें कीं हा खर्च वधूवरांवर टाकणें अयोग्य आहे. नोंद त्यांच्या उपयोगाची पहिलीं चाळीसपन्नास वर्षें. त्यानंतर ती वारसांची, कोर्टांची आणि आमच्यासारख्यांची. सर्वांच्या उपयोगाच्या वस्तूचें भाडें सर्वांनीं भरावें. दप्तर यंत्रांत चढविलें म्हणजे हा खर्च सुटतो असें कोणी म्हणतात. पण यंत्रेंही जुनीं होतात, आणि नकलेंत संशय आला म्हणजे मूळ वहीच काढून पहावी लागते.

सरकार काय करील तें करो; संग्राहकांच्या हातीं जें आहे त्याविषयीं दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. गांवचा ताळेबंद मिळाला तर शिवाय जमेचे बंद त्यांतून सुटे करूं नयेत, कारण वर गांवाचें नांव व सन एकदांच लिहिलेला असतो. तो सन बहुधा शुहूर असतो. शुहूर सन मृगापासून, म्हणजे जूनच्या आरंभीं, बदलतो, आणि लग्नसराई तत्पूर्वीं संपत आलेली असते. म्हणून एका शुहूर वर्षांत एक सबंध सराई येते, आणि हिवाळा-उन्हाळ्यांतील लग्नाचें इसवी वर्ष काढण्यास शुहूर आंकड्यांत पुष्कळदां ६०० मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, सल्लास समानीन मया व अलफ, म्हणजे ११८३. यांत ६०० मिळविले कीं सवाई माधवरावांच्या लग्नाचें १७८३ साल येतें. कार्तिकांतील तुळशीच्या लग्नापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या मुहूर्तांस मात्र ५९९ मिळवावे. फारखत मिळाली तर तिच्या साक्षीदारांचीं नांवें व गांवें संपूर्ण उतरून घ्यावीं आणि त्याच गांवचा त्याच किंवा पुढील सनाचा हिशेब कोणाच्या संग्रहीं आहे काय याची चौकशी करावी. त्यांतील पाटदामाच्या बाबतींत तीच बाई पुन्हां भेटण्याचा संभव आहे.